पायाखालची दोरी

“सूर्य कुठनं येणार रं?” मी विचारलं.

मी समुद्राकडं तोंड करून वाळूत उभा. एका हातात प्रभाच्या कॅमेऱ्याचा स्टँड, एका खांद्यावर त्याची बॅग, दुसऱ्या खांद्यावर दुसरी बॅग. नुकतं कुठं फटफटाय लागलेलं.

प्रभानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. साहेबानं शिपायाकडं बघून हसावं तसा. “दत्त्या, लेका, सूर्य ह्या समुद्रात बुडतो. उगवत न्हाई. तिकडं मागं बघ, माडांच्या वरनं येणार त्यो.”

एवढी अक्कल मला पायजे होती, कबूल. पण मी वडापची जीप मारणारा माणूस, शीटमागं पैसे घेऊन माणसं कोंबणारा. गडहिंग्लज-नेसरी, नेसरी-गडहिंग्लज. सूर्य माझ्या काचेवर येतो तेवढाच मला माहीत, डोळ्यात गेला की टोपी पुढं ओढायची, झालं. शाळा सहावीत सुटली. प्रभाकर शिंत्रे माझ्याच बाकावरचा, पण तो पुढं शिकला, तहसीलात क्लार्क झाला, आणि कोल्हापूरच्या कुठल्या तरी कॅमेरा क्लबात जायला लागल्यापासनं त्यानं एक जाकीट घेतलं होतं. त्या जाकिटाला चौदा खिसे. मी मोजलेत. अकरा खिशांत काही नसायचं.

त्या क्लबातली माणसं मी एकदा बघितली होती. डोंगरावर गेलेली, मी सोडायला गेलतो. आठ जण एका वाळल्या झाडासमोर पालथे पडलेले. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, तिला म्हणाले, आजी, परत मागं जा आणि परत या. म्हातारी परत आली. तर म्हणाले, शेळ्या जरा कमी पायजेत. असली ही जात. ह्यांना जग बघायचं नसतं, जगानं ह्यांच्यापुढं नीट उभं राहायला पायजे असतं.

तर तसलाच एक माझा दोस्त. क्लबाची स्पर्धा होती, विषय ‘कष्टकरी’. कष्टकरी बघायला हा आंबोली उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूला आला, माझ्या जीपमधनं, माझ्या डिझेलवर. घरातनं बाहेर पडला असता तर समोर त्याची बायको विहिरीवर दिसली असती.

गावाचं नाव मी सांगत नाही. का ते पुढं कळेल.

वाळूवर रापण चालली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं जाळं. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धा गोल मारून परत येते. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन बाजूंना. मग दोन्हीकडनं माणसं दोर ओढतात, बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे. ओढत ओढत दोन्ही बाजू जवळ येत जातात आणि मधी मासे अडकतात. सगळ्या गावाचं एक जाळं. मी पहिल्यांदाच बघत होतो. बघत कशाला, ओढतच होतो. थंडी वाजत होती, प्रभाचं ते आकाशाकडं बोटांची चौकट करून बघणं सोसवत नव्हतं, मी बॅगा खाली ठेवल्या, शर्ट काढला आणि दोराला हात घातला. कोणी नको म्हणलं नाही. माझ्या पुढं एक बाई होती, साठीची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, दंड माझ्या पिंढरीएवढे.

“खयचे तुमी?” तिनं मागं न बघता विचारलं.

“गडहिंग्लजचे.”

“आणि तो डबोवालो?”

“तो माझा दोस्त. फोटो काढतो.”

“काढूक देत बापडो. पण वडूक हात लावल्यान तर बरां.”

तिचं नाव आवडाबाय. नवरा तिचा भिकाजी तारी, रापणीचा म्होरक्या. सुकून काटकी झालेला म्हातारा, कमरेला लंगोट, डोक्याला टॉवेल, आणि आवाज मात्र एष्टीच्या भोंग्यासारखा. एकदा ह्या दोराकडं पळायचा, एकदा त्या दोराकडं. “उत्तरेक सावकाश! दक्षिण वडा! अरे वडा, जेवलास नाय काय?”

“जेवले खय,” आवडाबाय पुटपुटली.

मग तिनंच सांगितलं. ओढता ओढता, मधी दम घेत. अकरा दिवस झाले, जाळ्यात काही नाही. बाहेर मोठे ट्रॉलर फिरतात, सगळं तिकडंच खरवडून नेतात. गावातली सात माणसं, धडधाकट, दोराच्या कामाची, आज संध्याकाळी रत्नागिरीला जाणार होती. ट्रॉलरवर कामाला. पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

“तेच मासे पळवतात, आणि तेंच्याच बोटीर चाकरी,” ती म्हणली. “तेंच्यात आमचो थोरलो पण. विश्राम. तो बघा, तांबड्या चड्डीवालो.”

“मग थांबवा की त्यास्नी.”

“आज गावला तर ऱ्हवतत. काल रात्री म्हाताऱ्यान वचन घेतल्यान. आजची रापण बघा, मगे जावा. आज नाय गावला तर सात जण गेले, आणि सात जण गेले की दोर वडतलो कोण? मी काय ह्यो भिकाजी?” ती हसली. दात पांढरेशुभ्र होते तिचे. “मगे जाळा घरार घालूचा, शाकारणीक.”

मला कळलं. कोणालाही कळलं असतं. मी पायाची बोटं वाळूत रुतवून असं ओढाय लागलो जसं माझं स्वतःचं जाळं हाय.

आणि त्याच वेळी प्रभा भिकाजीकडं गेला. प्रभा माझ्याशी बोलतो तेव्हा आपल्यासारखा बोलतो. परक्याशी बोलायला लागला की एकदम रेडिओ होतो.

“काका, आपल्याला एक विनंती होती. सूर्यप्रकाश अजून किनाऱ्यावर आलेला नाही. माडांच्या वर यायला साधारण पंधरा मिनिटे लागतील. तेवढा वेळ आपण जरा थांबलात, तर चेहऱ्यांवर फार सुंदर उजेड पडेल.”

भिकाजी त्याच्या जाकिटाकडं बघत राहिला. एकेक खिसा बघितला त्यानं.

“थांबूचा?”

“फक्त पंधरा मिनिटे.”

“आणि माशे?”

“ते तर जाळ्यातच आहेत ना आता?”

भिकाजीनं टॉवेल काढला, तोंड पुसलं, परत डोक्याला बांधला. “दोर वडा!” एवढंच ओरडला, प्रभाच्या कानाजवळ. प्रभा दचकून तीन पावलं मागं.

मी मोठ्यानं हसलो. म्हणलं, “अरं प्रभ्या, माशाला काय तुझ्या उन्हाचं पडलंय? जा तिकडं त्या कुत्र्याचा फोटो काढ. ते बसलंय बघ निवांत, थांब म्हणलास तर थांबंल.” बाया हसल्या. विश्राम हसला. मला लई बरं वाटलं. मघाशी प्रभा सूर्यावरनं मला हसला होता, त्याची फिटंफाट झाली. मी आता त्यांच्यातला होतो आणि तो कोणीच नव्हता.

जाळं जवळ आलं. कमरेएवढ्या पाण्यात खोळ, म्हणजे मासे गोळा होतात ती जाळ्याची मधली पिशवी, दिसाय लागली. आणि पाणी बदललं. मला समुद्रातलं काही कळत नाही, पण ते मलाही दिसलं. मधला तुकडा काळसर झाला आणि त्यावर पावसाचे थेंब पडावेत तसं काहीतरी उठाय लागलं. पाऊस तर नव्हता.

दोर धरलेले सगळे हात तिथंच थबकले.  मग आवडाबाय हळूच म्हणली, “तारली.” तारली म्हणजे बारीक मासा, थव्यानं फिरणारा. आणि तिनं दोर सोडला नाही, पण कपाळ दोरावर टेकवलं.

“कोण बोलूचा नाय!” भिकाजी म्हणला. त्याचा आवाज बारीक झालेला. “सावकाश. दोनय बाजू सारखी.” मग माझ्याकडं बघितलं. माझं तेव्हा वजन पंच्याण्णव किलो. “ओ घाटावरचे. हकडे येवा. पाण्यात.”

मी मांडीएवढ्या पाण्यात गेलो. त्यानं माझा हात धरून मला एका जागी उभं केलं. पायाला काहीतरी जाड लागलं.

“खाली दोरी आसा. जाळ्याच्या बुडाची, शिश्याच्या मण्यांची. लागता पायाक?”

“लागतंय.”

“तेच्यार उभो ऱ्हव. दोनय पाय. लाट येवंदे, काय पण होवंदे. पाय उचलूचो नाय. ही दोरी उचलली की माशे खालसून जातत. एक गेलो की सगळे गेले, तेंचा तसाच आसता. कळला?”

“कळलं.”

“माका माणूस कमी आसा म्हणान तुका सांगतंय.”

“उचलत न्हाई,” मी म्हणलं. “मेलो तरी उचलत न्हाई.”

असं म्हणलो मी. माझ्या तोंडानं.

मी उभा राहिलो. दोरी पायाखाली थरथरत होती. जीप चालू असली की गिअरची दांडी हाताला कशी लागते, तशी. माझ्या डाव्या बाजूला विश्राम, त्याच्या पलीकडं आणखी एक, सगळे असेच दोरीवर पाय रोवून. किनाऱ्यावरची माणसं वीतवीत ओढत होती. पायाला काहीतरी चाटून जायचं, थंड, गुळगुळीत. विश्राम माझ्याकडं बघून म्हणला, “काका, आता बास. दोन मिनटा.” एवढासा चेहरा झाला होता त्याचा, लग्नात हार घालायच्या आधी नवऱ्याचा होतो तसा.

आणि तेव्हा ऊन आलं. माडांच्या शेंड्यांवरनं सरळ आलं आणि सगळ्यांच्या तोंडावर पडलं. ओल्या तोंडांवर. सोन्यासारखं वगैरे मी म्हणत नाही, ते प्रभाचं काम. पण चांगलं दिसत होतं.

“दत्त्या!”

प्रभा पाण्यात उतरला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कॅमेरा डोळ्याला.

“दत्त्या, सरक! फ्रेममधी येतोयस!”

“सरकता येत न्हाई,” मी म्हणलं.

“अरं तुझी ती हिरवी बनियन! सगळ्या फोटोचं वाटोळं व्हायलंय! दोन पावलं मागं हो, दोनच!”

“प्रभ्या, दोरी हाय पायाखाली.”

“दोन सेकंद रं! ऊन जाईल! दत्त्या, सरक म्हणतोय न्हवं!”

मी लई वर्षं ह्यावर विचार केलाय. लाट आली होती का? आली होती, बारीक होती. मी दमलो होतो का? नव्हतो. मला पटलं होतं का त्याचं? छ्या. त्या माणसाच्या अकलेवर माझा तेव्हाही काडीचा विश्वास नव्हता. मग? मग काही नाही. प्रभा म्हणला सरक, आणि मी सरकलो. बाकावर असताना तो म्हणायचा सरक, मी सरकायचो. तसाच. दोन पावलं.

पायाखालची थरथर थांबली.

मला आधी कळलंच नाही काय झालं. माझ्या मांड्यांना एकदम धडका बसाय लागल्या, शेकड्यानं, हजारानं, बारीक बारीक. पोरं शाळा सुटल्यावर दारातनं अंगावर येतात तशा. पाणी पांढरं झालं माझ्याभोवती. मग ती सगळी चमचम माझ्या पाठीमागं गेली आणि खोल पाण्यात काळी झाली.

“पाय!” विश्राम ओरडला. “पाय ठेव! मेल्या, पाय!”

मग सगळेच ओरडाय लागले. भिकाजी, आवडाबाय, दोन्ही दोरांवरची सगळी. हात वर करून, तोंडं उघडून, सगळे माझ्याकडं बघून. “पाय! पाय!” मी पाय आपटला. दोरी सापडेना. इकडं आपटला, तिकडं आपटला. सापडली तेव्हा ती नुसती दोरी होती.

आणि मागं, त्या सगळ्या आरड्यात, मला कॅमेऱ्याचा आवाज येत होता. खट. खट. खट.

खोळ वाळूवर आली. तीन टोपल्या मासे निघाले, त्यात निम्मा कचरा. कोणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, मी दोन खाऊन मोकळा झालो असतो. ती माणसं नुसती जाळं झाडत बसली. विश्राम उठला आणि घराकडं गेला. त्याच्या मागं बाकीचे सहा. पळत नाही, रागानं नाही, कामावर जातात तसे.

भिकाजीनं वाळूवर वाटे घातले. लहान लहान ढीग. एकेका माणसाचा एक. मी लांब उभा होतो, शर्टाची बटणं लावत. खाली-वर लागली होती, परत काढून लावत होतो.

“ह्यो तुझो,” भिकाजी म्हणला आणि एका ढिगाकडं बोट केलं.

“मला नको.”

“ह्येका वाटो?” आवडाबाय म्हणली. माझ्याकडं बघून नाही, माशांकडं बघून. “कसलो? पायांचो?”

“दोराक हात लागलो तेचो वाटो,” भिकाजी म्हणला. “तेना सकाळपासून वडल्यान. घे रे. नाय म्हणाचा नसता.”

मी घेतले. टॉवेलात बांधले. सात बांगडे आणि थोडी तारली. अजून मला आकडा पाठ आहे.

प्रभा वाट्यांचा फोटो काढत होता. “काका, ते ढीग जरा जवळजवळ कराल का?” म्हणत होता. रेडिओच्या आवाजात.

निघताना भिकाजी जीपपाशी आला. मला वाटलं आता शिव्या देणार. मी तयार होतो.

“गाडी कुडाळावरून जाता?”

“जाते की. जाणार.”

“मगे ह्येंका स्टेशनार सोडशील? संध्याकाळच्या गाडीची वाट कित्याक बघूची?”

तर ती सात माणसं मीच गावाबाहेर काढली. माझ्या जीपमधनं. मागं पाच, पुढं माझ्याजवळ विश्राम आणि एक, आणि त्यांच्या पलीकडं दाराला चिकटून प्रभा, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग धरून. वडापमुळं सवय होती मला, कशी माणसं बसवायची त्याची.  वाटेत एकदा प्रभा त्या दोघांच्या पुढनं माझ्याकडं वाकून हळूच म्हणला, “लाट आली, त्याला आपण काय करणार?”

मी गिअर बदलला.

स्टेशनवर विश्राम उतरला, पिशवी घेतली, म्हणला, “येतंय काका.” काका म्हणला मला. मेल्या म्हणला असता तर चाललं असतं.

दोन महिन्यांनी प्रभाला पहिलं बक्षीस मिळालं.

कोल्हापूरला प्रदर्शन होतं. मला घेऊन गेला, म्हणजे मी त्याला घेऊन गेलो. दारात अत्तर शिंपडत होते. चौदा खिशांची पंधरा-वीस जाकिटं हॉलमधी फिरत होती, चहाचा कप करंगळी उचलून धरत. समोरच्या भिंतीवर प्रभाचा फोटो, दाराएवढा. खाली नाव लिहिलेलं: ‘दर्याची दिवाळी’.

मी बघितला. चांगला आलता फोटो, खोटं कशाला बोलू. ऊन तोंडांवर. भिकाजी, आवडाबाय, विश्राम, सगळे हात वर करून, तोंडं आ वासून, डोळे एवढे मोठे. सगळे एकाच बाजूला बघतायत, फोटोच्या बाहेर. तिथं मी होतो. दोन पावलं बाहेर.

परीक्षक म्हणून एक चष्मेवाले होते, दाढी आखीव. त्यांनी माईकवर सांगितलं की भरपूर मासळी मिळाल्यावर कष्टकऱ्याच्या चेहऱ्यावर जो निखळ आनंद उमटतो, तो इतक्या जवळून फार थोड्यांना पकडता आलाय. टाळ्या. प्रभानं मान खाली घातली, नवी नवरी घालते तशी. मला त्या हॉलमधल्या एकेका माणसाची कीव आली. एकालाही तोंड वाचता येत नव्हतं. ओरडणारा माणूस आणि हसणारा माणूस ह्यातला फरक माझ्या जीपमधल्या कोंबडीलाही कळला असता.

मी समोसे खाल्ले. दोन.

मग एक पेपरातली मुलगी आली, वही-पेन घेऊन. चांगली होती पोरगी, खरंच बघत होती. बाकीच्यांसारखी नुसती मान तिरकी करून नाही. ती फोटोजवळ गेली, नाक लावलं जवळजवळ, आणि मागं वळून प्रभाला म्हणली, “सर, हे सगळे एकच काहीतरी ओरडतायत ना? ओठ सगळ्यांचे सारखेच आहेत.”

प्रभानं जाकीट सारखं केलं. “गाणं,” म्हणला. “मासे आले की ते गाणं म्हणतात. त्यांची परंपरा आहे.”

“कुठलं गाणं?”

प्रभानं इकडं तिकडं बघितलं. मग त्याला मी दिसलो, समोश्याचा कागद हातात घेऊन उभा. “हा दत्तू सांगेल,” म्हणला. “माझा मित्र. त्या दिवशी हा त्यांच्याबरोबर पाण्यातच होता.”

ती माझ्याकडं आली. पेन तयार. “काय म्हणत होते हो काका ते?”

प्रभा तिच्या खांद्यावरनं माझ्याकडं बघत होता. बाकावर बघायचा तसा. भिंतीवरनं सगळं गाव बघत होतं, तोंडं उघडी टाकून.

मी कागदाचा बोळा केला.

“त्यांच्या भाषेतलं काहीतरी होतं, ताई,” मी म्हणलं. “आपल्याला नाही कळत.”

तिनं ते लिहून घेतलं.